पाक

पाण्याला आधण आलं की आई चूल विझवते.
साखर त्यानंतर.
आचेवर टाकली तर तळाला लागते
आणि जळक्या साखरेनं माशीचं पोट बिघडतं, म्हणते.

वाशीच्या बाजारात अकरा वर्षं
मी साखर पाठीवरून वाहिली.
पन्नास किलोचा कट्टा, दिवसाला शंभरेक.
घामात विरघळून ती कॉलरखाली चिकटायची,
मुंग्या खोलीपर्यंत मागं यायच्या.
मणक्यातली चकती सरकली तेव्हा
टोळीनं वर्गणी काढून
मला बामणोलीच्या एसटीत बसवून दिलं.
आता आई दोन किलो साखर वाटीवाटीनं मोजते
आणि शेवटच्या वाटीला जराशी थांबते.

सात पेट्या, परड्यात, पत्र्याच्या आडोशाला,
पाय पाण्यानं भरलेल्या करवंट्यांत.
श्रावण सरत आला तरी डोंगर उघडलेला नाही.
सगळं हिरवं आहे,
पण हिरवं खाता येत नाही.
जांभळाचा मध मे महिन्यात आपणच काढला.
"तीन चौकटी ठेवायला हव्या होत्या, दोनच ठेवल्या,"
हे ती पेटीला सांगते, मला नाही.
तिसरीच्या पैशात माझा एमआरआय झाला.

झाकणं दिवेलागणीला उघडायची, आधी नाही.
उजेडात वास सुटला
तर तगडी वसाहत दुबळीवर तुटून पडते.
सातही जणींना एकाच संध्याकाळी,
थेंब बाहेर सांडता कामा नये.
डबा उलटा, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं.
पाचव्या पेटीत माश्या थोड्याच उरल्यात,
त्या वर डब्यापर्यंत चढत नाहीत.
तिला बशी.
बशीत काटक्या,
नाहीतर जेवायला आलेल्या जेवणातच बुडतात.
काटक्या मोडणं माझं काम.
डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हटलंय.

"साखर म्हणजे नुसता भात. डाळ कुठाय?"
म्हणून डाळ्याचं पीठ, वस्त्रगाळ,
आपल्याच मधात मळून
चौकटींच्या माथ्यावर चपटी वडी.
पिलांना पराग लागतो.
पीठ म्हणजे पराग नव्हे, हे माश्यांनाही कळतं;
दोन दिवस तिकडं फिरकत नाहीत.
मग फिरकतात.

काल तिसऱ्या पेटीच्या दारात
दोन कामकरी एका नराला ओढत होत्या.
टपोरे डोळे, जाड अंग, नांगी नाही.
तो परत आत शिरायचा, त्या परत बाहेर काढायच्या.
फळीवरून खाली पडला. खाली मुंगळे.
मी वाकून बघत होतो, वाकायचं नसताना.
मी काय बघतोय ते आईनं बघितलं.
"त्यांच्याकडं तेवढंच असतं रं," म्हणाली
आणि घरात गेली.
रात्री ताटात, न विचारता, तिसरी भाकरी.

साताऱ्याच्या व्यापाऱ्याचा फोन: मध आहे का?
"पावसात कसला मध? आत हाय तो पाक. तो त्यांचा."
त्यानं भाव वाढवला.
तिनं फोन माझ्या हातात दिला.
मी बंद केला.

गौरी येतील तेव्हा पठारावर तेरडा असेल, सोनकी असेल,
मग एका सकाळी डबा भरलेला तसाच सापडेल.
बाहेर फुललं की माशी पाकाला तोंड लावत नाही,
खूण तेवढीच, आई म्हणते.
आज नाही.

आज पाचव्या पेटीपाशी बसलोय,
बॅटरीला लाल कागद लावून.
एक माशी काटकीवर उभी राहून पितेय.
पितेय, पितेय,
पोट ताणतं, पट्टे एकमेकांपासून लांब जातात.
मग वळते
आणि एवढं ओझं घेऊन
अंधारात, न उडता,
चालत आत जाते.